मागे सरकायला जागा नव्हती

कविता लिहिणारा माणूस यंत्रांवर बोलू लागला की ऐकणारे गालात हसतात. तरी आज मी बोलणार आहे ते कॅमकॉर्डरच्या पुढे बसवायच्या लेन्सवर. योग्य लेन्स वेळेवर मिळाली नसती, तर माझ्या अम्माची एक रात्र माझ्यापाशी राहिलीच नसती.

2004 साली मी मिनीडीव्ही कॅसेटचा छोटा कॅमकॉर्डर घेतला. त्यात वीसपट झूम होता. माझी हौस तेवढ्याने भागेना, म्हणून वर दोनपटीची टेली लेन्स घेतली. पाचाडला उभं राहून रायगडाचा कडा आणि रोपवे टिपायचा, एवढाच हेतू. गड जवळ आला खरा, पण थरथरत. वीसाला दोनाने गुणलं तर चाळीस. आणि चित्र जितकं मोठं होतं, तितकाच हाताचा कंपही. ट्रायपॉडशिवाय ती लेन्स म्हणजे ओझंच. झूम मागे घेतला, तर चित्राभोवती काळं कडं यायचं.

त्याच वर्षी महाडच्या घरी भाचीचं लग्न निघालं. आम्हा कोकणी मुसलमानांत लग्नघरी बायका आपल्या बोलीतली गाणी म्हणतात. अम्मा त्यात पुढे असायची. माजघरात दहा जणी गोल करून बसल्या. मी झूम पूर्ण मागे घेतला, तरी चौकटीत तिघीच मावत. अम्माला धरलं, तर साथ देणाऱ्या बाहेर. त्यांना धरलं, तर अम्मा बाहेर. आपा म्हणाली, "अरे, जरा मागे सर ना!" मागे भिंत होती.

गाण्यांची अजून एक रात्र बाकी होती. सकाळीच एसटीने पोलादपूर गाठलं. तिथे लग्नांचं शूटिंग करणारा माझा मित्र होता. तो म्हणाला, "लांबचं बघायची सोय या कॅमेऱ्यात मुळातच असते. कमी पडते ती रुंदी." त्याने आपली वाइड लेन्स हातावर ठेवली. तिच्यावर 0.5 असा आकडा होता. आकडा एकापेक्षा कमी असेल तर रुंद, जास्त असेल तर लांब; 0.5 म्हणजे साधारण दुप्पट रुंदी.

मग त्याने पारख शिकवली. कॅमेऱ्याच्या तोंडाशी आट्यांचं माप लिहिलेलं असतं, 30 किंवा 37 मिलिमीटर असं. ते जुळलं नाही, तर मधे रिंग लागते. आधीचा फिल्टर काढायचा, नाहीतर कोपरे काळे पडतात. खिडकीच्या गजांवर कॅमेरा धरायचा. कडेचे गज थोडे वाकणारच. फार वाकले, तर ती लेन्स घ्यायची नाही. शेवटी झूम पुढे नेऊन पाहायचं. हलक्या लेन्समध्ये चित्र फिसकटतं. काच मात्र सतत पुसायची, कारण तिच्यावरची धूळही चित्रात उतरते.

त्या रात्री दहाही जणी चौकटीत बसल्या. कडेच्या खालाचा चेहरा थोडा ताणला गेला. पुढे कितीतरी दिवस ती त्यावरून मला बोलत होती. पण ओळ कोण उचलतं, शब्द कोण विसरतं, अम्मा हाताने कुणाला थांबवते, सगळं दिसत होतं.

2009 मध्ये अम्मा गेली. 22 जुलै 2021 च्या महापुरात ते माजघर पाण्याखाली गेलं. कॅसेट मी आधीच कॉम्प्युटरवर उतरवून मुंबईला भाचीकडे ठेवली होती, म्हणून वाचली. आता भाचीची मुलगी त्यावरून ती गाणी शिकते. कुठली ओळ अम्माची आणि कुठली साथीची, हे तिला बघून कळतं.

कॅमकॉर्डर आता मागे पडला. पण बऱ्याच मोबाइलमध्ये 0.5 असं बटण असतं. घरातली म्हातारी माणसं एकत्र बसून गात असतील, भांडत असतील, तर एकाच चेहऱ्याजवळ जायची घाई करू नका. आधी ते बटण दाबा. सगळे मावू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)