पिल्लांचं काय करायचं?
(मंडळाच्या छंदांविषयीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



जेवणानंतरचं भाषण आणि विषय मासे, त्यामुळे आधीच सांगून टाकतो : आज पाककृती मिळणार नाही. मालवण-रत्नागिरीकडच्या मंडळींनी माफ करावं. आजचे मासे ताटातले नाहीत, काचेच्या टाकीतले आहेत.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत फिश टँक येतो तो मुलांच्या हट्टामुळे. कुत्रा नको, मांजर नको, मग निदान मासे तरी! दुकानात गेलं की नवख्या माणसाला चार नावं हमखास सुचवली जातात : गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल. रंगीत, काटक आणि स्वस्त. महिनाभरात एका सकाळी मुलगी ओरडत येते, "बाबा, टाकीत डोळे पोहतायत!" बघावं तर खरंच, दोन काळे डोळे आणि मागे सुतासारखी शेपटी. अशी पंचवीस-तीस पिल्लं. मग मला फोन येतो, "काका, पिल्लं झाली! आता काय करायचं?" हा प्रश्न टाकी विकत घेण्याच्या दिवशीच विचारायला हवा, म्हणून आज उभा आहे.

हे चारही मासे एकाच कुळातले. बहुतेक मासे अंडी घालतात. यांची अंडी मादीच्या पोटातच वाढतात आणि बाहेर येतं ते पोहणारं, खाणारं, स्वतःचं स्वतः बघणारं पिल्लू. स्वोर्डटेल मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. हेकेल या शास्त्रज्ञाने १८४८ साली त्याचं वर्णन केलं आणि ज्या हेलरने तो मेक्सिकोतून आणला, त्याचं नाव माशाला दिलं. गप्पीचं नाव त्रिनिदादच्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांच्यावरून पडलं. आपल्या गप्पांशी त्याचा काही संबंध नाही!

गप्पी तर आपल्या ओळखीचाच. मुंबईत आणि महाराष्ट्रातल्या गावोगावी हिवताप विभागाची माणसं विहिरीत, हौदात, कारंज्यांत हे मासे सोडत आली आहेत, कारण ते डासांच्या अळ्या खातात. लहानपणी गटारीच्या कडेला वाकून आपण जे "मासे" बघितले, त्यांत पुष्कळदा हेच पाहुणे असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते भारतात आणले गेले आणि इतके रुळले की आता त्यांना परदेशी कोण म्हणेल? पण या रुळण्याला दुसरी बाजूही आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आता पाण्याकडे वळू. इथे आपण ट्रॉयकर नशीबवान आहोत. आपल्या नळाला ह्यूरन सरोवराचं पाणी येतं. ते मध्यम जड असतं, पीएच सातच्या थोडा वर. पिल्लं देणाऱ्या माशांना नेमकं असंच पाणी लागतं. मॉलीला तर याहून जड पाणीही चालतं. त्यामुळे दुकानातल्या पीएच वाढवायच्या-उतरवायच्या बाटल्यांना हात लावू नका. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो काढणारं औषध दर वेळी घालायचं, त्यात आळस नाही. दुसरी, घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर ते पाणी टाकीला वापरू नका. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढून सोडियम घालतो आणि या माशांना हवं असतं ते कॅल्शियमच. बागेच्या नळाला बहुतेक घरांत सॉफ्टनर जोडलेला नसतो, तिथून पाणी घ्या.

टाकी किती मोठी? गप्पींना दहा गॅलन चालेल. स्वोर्डटेल मात्र वाढून चार-पाच इंचांचा होतो आणि तो पोहणारा गडी आहे. त्याला वीस गॅलनची लांब टाकी हवी, उंच नको. वर झाकण पाहिजेच, कारण हा उड्या मारतो. सकाळी कार्पेटवर सापडण्यापेक्षा झाकण परवडलं. वीस गॅलन पाण्याचंच वजन १६५ पौंडांच्या वर जातं, त्यात खडी आणि काच धरा. तेव्हा पुस्तकांच्या डुगडुगत्या शेल्फवर टाकी ठेवू नका.

टाकी आणली, पाणी भरलं, त्याच दिवशी मासे सोडले, असं करू नका. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. फिल्टरमध्ये हळूहळू जिवाणू वाढतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच कमी घातक, ते आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. पण आपल्या बायकांना (आणि हल्ली काही पुरुषांनाही) यावरचा उपाय सांगायला नको : विरजण! ज्यांची निरोगी, जुनी टाकी आहे त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. पाणी आणून उपयोग नाही, जिवाणू स्पंजवर असतात. आणि फिल्टर कधीही नळाखाली चकचकीत धुऊ नका. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात खळबळून काढा, नाहीतर क्लोरीनने सगळं विरजण मरेल.

आता नर आणि मादी. स्वोर्डटेलच्या नराच्या शेपटीचा खालचा भाग तलवारीसारखा लांब वाढतो. पोटाखालचा पर गुंडाळल्यासारखा काडीएवढा झालेला असतो, ही नराची खरी खूण. मादीचा तोच पर पंख्यासारखा असतो आणि त्याच्या वर काळसर डाग दिसतो. गाभण असताना तो गडद होतो. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, म्हणजे एकाच मादीचा पाठलाग होत नाही. दोन नर ठेवले तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो.

या तलवारीवर अलेक्झांड्रा बासोलो यांचा १९९० सालचा मजेदार प्रयोग आहे. प्लॅटीच्या नराला तलवार नसते. बासोलोंनी प्लॅटीच्या नरांना कृत्रिम तलवारी लावल्या, तर प्लॅटीच्या माद्यांना तेच जास्त आवडले! आवड आधी, दागिना नंतर, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर पुढे वाद झाला, पण आपल्या लग्नसमारंभांतून असं काही घडतं की नाही ते तुम्हीच ठरवा.

"आमची मादी नर झाली!" असंही बरेच जण सांगतात. बहुधा तो उशिरा वयात आलेला नरच असतो. काही नर लवकर तलवार काढतात आणि लहान राहतात, काही महिनोन्‌महिने मादीसारखे दिसतात आणि मग मोठे नर होतात. आणखी एक लक्षात ठेवा. स्वोर्डटेल आणि प्लॅटी यांचा सहज संकर होतो. दुकानातले लालभडक स्वोर्डटेल बहुतेक अशाच संकरातून आले आहेत. अशा काही संकरित पिल्लांना त्वचेचा काळा कर्करोग होतो, हे १९२० च्या दशकातच लक्षात आलं. त्यावरून कर्करोगाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास सुरू झाला. मायरन गॉर्डन यांनी त्यासाठी जमवलेल्या माशांचे वंश टेक्सासमध्ये अजून जपले जातात.

शेजारी कोण ठेवावेत? तळाशी कोरिडोरास, सहा जणांचा कळप. वर झीब्रा डॅनिओ, हा तर आपल्या भारतीय उपखंडातलाच. काचेवरचं शेवाळ खायला ब्रिसलनोज प्लेको. साधा प्लेको घेऊ नका, तो फूटभर वाढतो. टायगर बार्ब शेपट्या कुरतडतात. गोल्डफिशला थंड पाणी लागतं. या दोघांना नमस्कार करून पुढे जा. तापमान ७५ अंश फॅरनहाइटच्या आसपास ठेवा. खाण्यात वनस्पतीही हवी, विशेषतः मॉलीला : स्पिरुलिना, उकडून गार केलेला पालक, काकडीची चकती. मीठ-मसाला न लावता, हे आजींसाठी सांगतोय!

आजी-आजोबांवरून आठवलं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना दिवसभराच्या रिकाम्या घरात या टाकीची फार सोबत होते. पण प्रेमाचं माप चिमटीत मावत नाही आणि टाकीत जास्तीचं अन्न कुजतं. उपाय सोपा आहे : औषधाच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा. रविवारी आठवड्याचं खाणं त्यात मोजून भरा. रोज एक कप्पा, संपलं की संपलं. डिसेंबरात भारतात जाताना शेजाऱ्यांकडेही हाच डबा द्या. मोठे निरोगी मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. तीन-चार आठवड्यांसाठी मात्र माणूस हवा. जाताना आपण घराचं तापमान ५५ वर आणतो. त्या थंडीत पाणी ७५ ला ठेवायचं तर वीस गॅलनला किमान शंभर वॉटचा हीटर लागेल. हिवाळ्यात घरातली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं, हीटर उघडा पडून तडकतो. शेजाऱ्यांना पाण्याची खूण दाखवून ठेवा. १४ ऑगस्ट २००३ चा ब्लॅकआउट इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. वीज गेली की आधी हवा कमी पडते. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या.

आता मूळ प्रश्न : पिल्लांचं काय करायचं?

हिशेब करा. स्वोर्डटेलची मादी साधारण चार आठवड्यांनी विते. एका वेळी वीस ते ऐंशी पिल्लं. नराचं बीज ती काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे दुकानातून एकटी आणलेली मादीसुद्धा पुन्हा पुन्हा पिल्लं देते. महिन्याला तीसच धरली तरी चार महिन्यांत एकशेवीस, आणि तोवर पहिली पिल्लं वयात येतात. वीस गॅलनमध्ये हे मावत नाही.

मोठे मासे पिल्लांना खातात, आईसुद्धा खाते. हे बघून मुलं रडतात आणि घरातली वडीलधारी माणसं "ही कसली आई!" म्हणतात. पण तिला आपलं पिल्लू ओळखूच येत नाही. तिच्या दृष्टीने समोर हलतो तो घास. सगळी पिल्लं वाचवण्याचा हट्ट धरलात तर पुढे गर्दी, घाण पाणी, आजार, आणि मग मोठेही मरतात. मुलांपासून हे लपवू नका. शांतपणे सांगितलं तर मुलं आपल्यापेक्षा लवकर समजून घेतात.

म्हणून आधी ठरवा. पिल्लं नकोतच असतील तर फक्त नर गप्पी घ्या. थोडी हवी असतील तर टाकीत जावा मॉस आणि तरंगत्या वनस्पती घाला. जी लपतील ती जगतील, चार-पाच. जास्त वाढवायची असतील तर वेगळी दहा गॅलनची टाकी, चुरलेलं खाणं, आर्टेमियाची ताजी पिल्लं, आणि वाढल्यावर ती कोण घेणार याची आधी चौकशी. काही दुकानं आधी फोन केला तर घेतात. ग्रेटर डेट्रॉइट अ‍ॅक्वेरियम सोसायटीसारख्या क्लबात देवाणघेवाण होते. आणि आपलं मंडळ आहेच. कुणाकडे फिल्टरचं विरजण नेताना चार पिल्लंही न्या!

एक मात्र कधीही करू नका : मासे जवळच्या तळ्यात सोडू नका. "मोकळं केलं" असं आपण म्हणतो, पण मिशिगनच्या हिवाळ्यात स्वोर्डटेलसाठी तो मृत्युदंड आहे. गोल्डफिश मात्र जगतात आणि वाढतात. माशांबरोबर गेलेल्या गोगलगायी, वनस्पती, रोग तेही जगू शकतात. मार्च २०२१ मध्ये दुकानांतल्या मॉस बॉलमध्ये झीब्रा शिंपले सापडले, आपल्या मिशिगनमध्येही. आपल्या सरोवरांनी या शिंपल्यांपायी आधीच पुष्कळ सोसलं आहे. गप्पींनीही अनेक देशांत स्थानिक माशांना त्रास दिला आहे. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचा 'रिपल' नावाचा उपक्रम याच कामासाठी आहे.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो, आणि तिचं मूळ आपल्या अ‍ॅन आर्बरमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठातल्या कार्ल आणि लॉरा हब्ज यांनी १९३२ मध्ये दाखवून दिलं की अ‍ॅमेझॉन मॉली ही सगळी माद्यांचीच जात आहे. त्याच विद्यापीठातले रॉबर्ट रश मिलर यांनी शेन वेब यांच्याबरोबर १९९८ मध्ये मेक्सिकोतल्या एका पिल्लं देणाऱ्या छोट्या माशाला 'तेकिला' असं शास्त्रीय नाव दिलं. हा मासा त्याच्या नदीतून नाहीसा झाला होता, पण काही शौकिनांच्या घरच्या टाक्यांत जिवंत होता. इंग्लंडमधून त्याच्या काही जोड्या मेक्सिकोतल्या एका विद्यापीठात पोचल्या, तिथे त्यांची पैदास झाली, आणि २०१७ च्या सुमारास दीड हजार मासे तेउचित्लान नदीत परत सोडले गेले. तिथे ते पुन्हा वाढू लागले. तेही तळ्यात मासे सोडणंच, पण वर्षानुवर्षांची तयारी करून, त्यांच्याच पाण्यात.

मुलांना एकदा बेल आइल अ‍ॅक्वेरियम दाखवा. अल्बर्ट कान यांची ती इमारत १९०४ पासून उभी आहे. २००५ मध्ये ते बंद पडलं, २०१२ मध्ये स्वयंसेवकांच्या बळावर पुन्हा उघडलं. आणि टाकी आणायचीच असेल तर आधी रिकामी आणा, महिनाभर चालवा, मग मासे आणा. तो महिना थांबायची मुलांची तयारी असेल तर पुढची तीन-चार वर्षं ती माशांना सांभाळतील.

ज्यांना विरजण हवं असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. स्पंज फुकट, पिल्लंही फुकट!