गोळाफेक आणि 45 अंशांचा नियम

हुशार विद्यार्थ्याला पुढच्या इयत्तेतील गणिते आधीच सोडवायला दिली, की त्याच्या बुद्धीला पुरेसे खाद्य मिळाले, असे शाळांमध्ये सर्रास मानले जाते. परंतु सूत्र वापरता येणे आणि ते कोणत्या गृहीतकांवर उभे आहे हे ओळखता येणे ही दोन भिन्न कौशल्ये असून, दुसऱ्याच्या शिक्षणासाठी क्रीडांगण विशेष उपयोगी पडते.

क्षितिजाशी 45 अंशांचा कोन करून फेकलेली वस्तू सर्वांत दूर जाते, हा प्रक्षेप्य गतीचा, म्हणजे केवळ गुरुत्वाच्या प्रभावाखाली होणाऱ्या गतीचा, परिचित निष्कर्ष आहे. कसलेले गोळाफेकपटू मात्र गोळा 40 अंशांहूनही कमी कोनात सोडतात. आणि पुरुषांच्या स्पर्धेतील 7.26 किलोग्रॅमच्या गोळ्यावर हवेच्या रोधाचा परिणाम अत्यल्प असल्यामुळे ही तफावत हवेच्या माथी मारता येत नाही.

तिचे पहिले कारण भूमितीत आहे. वस्तू ज्या पातळीवरून सुटते त्याच पातळीवर पडते, असे 45 अंशांच्या निष्कर्षात गृहीत धरलेले असते. गोळा तर जमिनीपासून सुमारे 2 मीटर उंचीवरून सुटतो. सेकंदाला 13 मीटर वेगाने सुटणाऱ्या गोळ्यासाठी ही उंची धरून गणित मांडल्यास सर्वाधिक अंतर सुमारे 42 अंशांना मिळते आणि 45 अंशांच्या तुलनेत लाभ जेमतेम 9 सेंटिमीटरचा होतो. उरलेल्या तफावतीचा उलगडा शरीरशास्त्रात होतो: कोन वाढवला, की खेळाडूच्या बळाचा अधिक वाटा गोळ्याचे वजन पेलण्यात खर्च होतो, शिवाय खांद्याचे व हाताचे स्नायू वर रेटण्यापेक्षा पुढे रेटताना अधिक जोर लावू शकतात, त्यामुळे गोळा सुटतानाचा वेग घटतो; आणि अंतर वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ही घट महागात पडते. कोन बदलला तरी वेग तोच राहतो, हे सूत्राचे दुसरे गृहीतक येथे ढासळते.

हा उलगडा फळ्यावर लिहून देण्याऐवजी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी, क्रीडाशिक्षकांच्या देखरेखीखाली, बाजूने केलेल्या मोबाइल चित्रीकरणातून कोन व वेग मोजून आलेख काढावा. प्रत्येकाची उंची व ताकद निराळी असल्याने शेजाऱ्याचे उत्तर उतरवून भागत नाही. मूल्यमापन करतानाही गोळा किती दूर पडला यापेक्षा, कोणते गृहीतक कोठे अपुरे पडले हे विद्यार्थ्याने स्वतःच्या मोजमापांच्या आधारे किती नेमकेपणाने दाखवले, याला गुण द्यावेत.