राजाचे मंडळ आणि बाबासाहेबांचे मजूर खाते



बाबासाहेब मजूरमंत्री होते हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण ते कोणाचे मंत्री, असे एखाद्या मुलाने विचारले की आपण अडखळतो. विरोधक तर लगेच म्हणतात, 'इंग्रजांच्या दरबारात बसले होते.' या आक्षेपाला नुसत्या घोषणांनी उत्तर देता येत नाही. राजाचे सल्लागार मंडळ म्हणजे काय, ते आधी पाहू.

आपल्या परिचयाचे मंडळ म्हणजे शिवछत्रपतींचे अष्टप्रधान मंडळ. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा पेशवे मोरोपंत पिंगळे, सचिव अण्णाजी दत्तो, सेनापती हंबीरराव मोहिते, न्यायाधीश निराजी रावजी, शिवाय अमात्य, मंत्री, सुमंत आणि पंडितराव असे आठ प्रधान होते. पंडितराव व न्यायाधीश सोडले तर बाकीच्यांना वेळ पडल्यास मोहिमेवरही जावे लागे. सल्ला प्रधानांचा, निर्णय महाराजांचा. वेतन रोख होनांत असे आणि पद बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. महाराजांची ही शिस्त पुढे टिकली नाही. शाहू महाराजांच्या काळात पदे वंशपरंपरागत झाली, पेशवेच कारभाराचे धनी झाले आणि मंडळ नावापुरते उरले.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आठांपैकी सेनापती वगळता सातही जण ब्राह्मण होते. ज्यांच्या हाती लेखणी, त्यांच्या हाती मसलत. गडाच्या राखणीला महार होते, पण मसलतीच्या बैठकीत त्यांना जागा नव्हती.

तशी जागा मिळायला 1942 साल उजाडले. इंग्लंडच्या राजाच्या वतीने व्हाइसरॉय कारभार करी आणि त्याच्या मदतीला कार्यकारी मंडळ असे. जुलै 1942 मध्ये बाबासाहेबांनी त्यात मजूर खात्याची सूत्रे हाती घेतली. हे लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ नव्हते, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. सभासदांची नेमणूक राजाच्या नावाने होई. बहुमताचा निर्णयही देशाच्या सुरक्षिततेचे कारण दाखवून व्हाइसरॉय बाजूला सारू शकत असे. खुर्ची मिळाली म्हणजे सत्ता मिळाली, असे तेथे नव्हते.

याचा चटका बाबासाहेबांनाही बसला. युद्धासाठी कोळसा हवा म्हणून 1943 मध्ये सरकारने खाणीत जमिनीखाली स्त्रियांना कामाला लावण्यावरची बंदी उठवली. 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्या निर्णयाचे समर्थन बाबासाहेबांनाच करावे लागले. त्या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, हे त्यांनी तेथे ठासून सांगितले. फेब्रुवारी 1946 मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. हा प्रसंग आपल्या भाषणांतून सहसा वगळला जातो. आम्हांला तो वगळावासा वाटत नाही, कारण मंडळात बसणाऱ्याचे हात किती बांधलेले असतात हे त्यातूनच कळते.

आणि अशा बांधलेल्या हातांनी किती कामे झाली पाहा! ऑक्टोबर 1942 मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे लेखी निवेदन थेट व्हाइसरॉयला दिले. ऑगस्ट 1943 मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8⅓ टक्के जागा राखीव झाल्या. मालक, कामगार आणि सरकार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद ऑगस्ट 1942 पासून सुरू झाली. कारखान्यातले आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणणारी दुरुस्ती एप्रिल 1946 मध्ये मंजूर झाली. वागळे इस्टेटमध्ये ज्यांनी तीन पाळ्यांत आयुष्य काढले, त्यांना या सहा तासांची किंमत आम्ही काय सांगावी?

कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना आखण्याचे काम मार्च 1943 मध्ये प्रा. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यांचा अहवाल 1944 मध्ये आला आणि कायदा 1948 मध्ये झाला. तोवर व्हाइसरॉयही गेला होता आणि त्याचे मंडळही. त्याच कायद्याखालचे कामगार हॉस्पिटल आपल्या वागळे इस्टेटमध्ये उभे आहे. इथले पुष्कळ कारखाने बंद पडले, काहींच्या जागी काचेच्या इमारती आल्या. तरी विम्याचे कार्ड घेऊन कामगार आपल्या बायका-पोरांसह त्याच हॉस्पिटलच्या रांगेत उभा राहतो.