नागरी हक्कांचे संरक्षण : कायदा, न्यायालय आणि साक्षीदार

(सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक व सामाजिक कार्यकर्ते यांच्यासमोर नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या नगरीत आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, त्या नगरीत माणसाच्या प्रतिष्ठेचे महत्त्व कोणी नव्याने सांगावे अशी आवश्यकता नाही. परंतु प्रतिष्ठेची जाणीव होणे ही एक गोष्ट आणि त्या प्रतिष्ठेला कायद्याचे कवच मिळणे ही दुसरी गोष्ट होय. हे कवच कसे घडले आणि ते आपण कसे वापरावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या राज्यापुरते बोलायचे तर या कथेचा प्रारंभ महाडच्या चवदार तळ्यापासून करावा लागेल. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा श्री. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलाने १९२३ मध्ये संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केले. हक्क कागदावर आला; पण पाणी ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर सत्याग्रहींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाची खरी परीक्षा झाली. त्यानंतर हल्ले झाले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्ण नागरिकांनी दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट प्राचीन काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. हा दावा कनिष्ठ न्यायालयातून अपिलात आणि तेथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे आहे आणि सांगितली जाणारी वहिवाट अनादिकालापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ होता. दहा वर्षांनी न्याय मिळाला.

या विजयाचा आनंद मानतानाच त्यातील एक गोष्ट सूक्ष्मपणे पाहिली पाहिजे. न्यायालयाने वहिवाट अन्यायाची आहे म्हणून दावा फेटाळला नाही. ती सिद्ध झाली नाही म्हणून फेटाळला. ती सिद्ध झाली असती, तर? त्या काळच्या कायद्यात या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नव्हते. ते उत्तर भारतीय संविधानाने दिले. अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट करण्यात आली असून तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे. रूढी कितीही जुनी असो, तिच्या आधारे कोणाला पाणवठ्यावरून हाकलण्याचा अधिकार आता कोणालाही उरलेला नाही.

या अनुच्छेदाची अंमलबजावणी करण्यासाठी संसदेने १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम केला. १९७६ च्या सुधारणेने तो अधिक कडक झाला आणि त्यास 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' हे नाव मिळाले. देवालय, दुकान, उपाहारगृह, विहीर, नदी, स्मशानभूमी, रुग्णालय, शाळा व वसतिगृह यांपैकी कोठेही अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे, माल विकण्यास नकार देणे अथवा बहिष्कार घालणे हा या अधिनियमाखाली गुन्हा आहे.

यातील दोन तरतुदी कार्यकर्त्यांनी विशेषत्वाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, पूर्वी न्यायालयाच्या परवानगीने या गुन्ह्यांत तडजोड करता येत असे; १९७६ नंतर ती वाट बंद झाली. चार वजनदार मंडळींनी चावडीवर बसून प्रकरण मिटविले, म्हणून गुन्हा मिटत नाही. दुसरी तरतूद कलम १२ ची. ज्या कृत्याने या अधिनियमाखाली गुन्हा घडतो, ते कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. कर्नाटकातील कूपनलिकेवर पाणी घेण्यास अटकाव केल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने सोडून दिलेल्या आरोपींची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९२ मध्ये पुन्हा कायम केली. महाडचा प्रश्न पाण्याचाच होता. येथेही तो पाण्याचाच होता.

तथापि कायदा पुस्तकात असणे पुरेसे नसते, याची वेदनादायक आठवण आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीने करून दिली. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका दलित कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली. नागपूर खंडपीठाने १४ जुलै २०१० रोजी फाशीऐवजी २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. खून सिद्ध झाला. परंतु अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखालील आरोप दोन्ही न्यायालयांत टिकला नाही. गंभीर गुन्हा जातीच्याच कारणावरून घडला, हे त्या वेळच्या शब्दरचनेनुसार सिद्ध करावे लागत असे. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या सुधारणेने ही रचना बदलली. पीडित व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची आहे हे आरोपीला माहीत होते, एवढे सिद्ध होणे आता पुरेसे आहे. त्याच सुधारणेने पीडितांना व साक्षीदारांना संरक्षण मिळण्याचा हक्कही दिला.

येथेच आपले काम सुरू होते. न्यायाधीशांपुढे गाव येत नाही, कागद येतात. घटना कोठे, केव्हा, कोणासमोर घडली आणि कोणते शब्द उच्चारले गेले, हे पहिल्या फिर्यादीतच नमूद झाले पाहिजे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा फिर्याद देणाऱ्याचा हक्क आहे. ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधावा.

मित्रहो, संसदेने कायदा केला, न्यायालये त्याचा अर्थ लावतात, परंतु पाणवठ्यावर उभा असलेला साक्षीदार या दोघांनाही निर्माण करता येत नाही. तो गावातूनच यावा लागतो. अन्याय पाहणाऱ्या शेजाऱ्याने, शिक्षकाने, सरपंचाने निर्भयपणे खरे सांगितले, तर महाडला जो न्याय मिळण्यास दहा वर्षे लागली, तो आपल्या गावी पुष्कळ लवकर मिळू शकेल. आपण प्रत्येकाने आपापल्या गावी हे काम अंगावर घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.