कमान उरली, शाळा गेली

(शिरोडा येथें पालकांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आज एका जुन्या शाळेची हकीकत सांगणार आहें. ती शाळा फार दूर नव्हती. तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यांत उतरावें आणि मांडवीच्या कांठानें जुन्या गोव्यास जावें. तेथें मोठमोठीं ख्रिस्ती देवळें उभीं आहेत, पण त्यांच्या भोंवतालचें शहर नाहींसें झालें आहे. तेथेंच एक चिऱ्याची कमान एकटी उभी आहे. ती सेंट पॉल कॉलेजाची.

पोर्तुगीजांनीं हें शहर १५१० सालीं जिंकलें. १५४१ सालीं मिगेल वाझ व दिओगो द बोर्बा या दोन पाद्र्यांनीं येथें विद्यालयाचा पाया घातला. गोव्याचे, मलबारचे, आफ्रिकेचे मुलगे तेथें शिकत. १५४८ सालीं तर एक जपानी गृहस्थही तेथें शिकावयास आला. १५५६ सालीं तेथें छापखाना आला, तो हिंदुस्थानांतला पहिला.

आतां या शाळेचा खर्च कोणाच्या पैशानें चालला, तें ऐका. तिसवाडी बेटांतलीं देवळें पाडलीं होतीं, त्या देवळांच्या जमिनींचें उत्पन्न या शाळेस लावून दिलें. जमीन गांवकऱ्यांची, घाम कुळांचा; पण शाळेंत काय शिकवावें व कोणत्या भाषेंत शिकवावें, हें गांवकऱ्यांस कोणी विचारलें नाहीं. आपली भाषा जाणणारे पाद्री तेव्हां होते, हें खरें. फादर स्टीफन्स यांचें मराठी क्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें, पण तें रोमन अक्षरांत. देवनागरी खिळ्यांनीं मराठी पुस्तक छापलें तें १८०५ सालीं, आणि तेंही बंगाल्यांतल्या श्रीरामपुरास! छापखाना आपल्या शेजारीं आला, आणि आपलें अक्षर कागदावर उमटण्यास अडीचशें वर्षें लागलीं. मध्यें १६८४ सालीं व्हाइसरॉयानें फर्मान काढलें, कीं तीन वर्षांत लोकांनीं आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी.

पुढें शहर कां ओसाड पडलें? आपलीं घरें जांभ्या दगडाचीं. त्या दगडांतून पाणी कसें झिरपतें, हें गवंडी मंडळींस ठाऊकच आहे. तेथेंही जमीन जांभ्याची. घाण पाणी झिरपून विहिरींत गेलें, आणि सांथीमागून सांथ आली. १७५९ सालीं व्हाइसरॉय पणजीस राहावयास गेला. १८३० च्या सुमारास कॉलेजही पाडलें, आणि कमान तेवढी राहिली.

आतां दुसरी शाळा पाहा. १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यास भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली. पाठीशीं सरकार नाहीं, जमिनीचें उत्पन्न नाहीं. सावित्रीबाई शिकवावयास जात, तेव्हां लोक शेण फेंकीत. तो वाडाही मोडकळीस आला व २०२३ सालीं पाडला. पण ती शाळा बुडाली काय? आज सभेस जी बाई सही करून बसली आहे, तिच्या हातांत ती शाळा आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें जोतीरावांनीं हेंच मांडलें, कीं शिक्षणाचा पैसा रयतेच्या घामाचा आहे, तेव्हां तो आधीं रयतेच्या मुलांवर खर्च झाला पाहिजे.

आपल्या शिरोड्याचें नांवही शाळेनेंच मोठें झालें. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत येथल्या इंग्रजी शाळेंत मास्तर होते. मोठ्या शहरांतून नव्हे, या गांवांतून त्यांनीं लिहिलें.

मंडळी, जोतीरावांनीं मागितलें त्यांतलें बरेंच आतां कायद्यांत आलें आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणें सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत चारांत तीन सभासद पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा आराखडा करणें व पैशावर नजर ठेवणें, हें काम त्यांचें आहे. तिसवाडीच्या गांवकऱ्यांस जें मिळालें नाहीं, तें तुम्हांला मिळालें आहे.

आतां माझी चूक सांगतों. पूर्वीं मी एका खेड्यांतल्या शाळेंत होतों. तेथें समितीची सभा भरतच नसे. सभावृत्ताची वही आधींच लिहून ठेवीत, आणि पालकांच्या दारोदार सह्यांस फिरवीत. ती वही घेऊन फिरणारा मीच होतों. एका सुतारानें हातांतला रंधा ठेवून सही केली, आणि विचारलें, "गुरुजी, ह्यांत काय लिहिलां हा?" मीं म्हटलें, "कांहीं नाहीं, नेहमींचेंच." त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

म्हणून विनंती इतकीच: वही घरीं आली तर सही करूं नका. सभेस या, वही वाचून घ्या, मुलाकडून एक पान वाचवून घ्या, आणि मगच सही करा. शाळेची भिंत पडली तर आपण गवंडी पुन्हां बांधूं. पण गांवानें शाळेकडे पाठ फिरवली, तर पुढच्या पिढीस दाखवावयास कमान तेवढी उरेल.