तिचं म्हणणं कोण ऐकतं?

आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यातली बाई ‘माझं मन दुखतंय’ असं म्हणत नाही. डोकं धरलंय, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, असं म्हणते. एमआयडीसीतल्या कारखान्यात उभ्यानं पाळी करणारी असो, पालघरला लोकल पकडणारी असो, नाहीतर सातपाटीची मासळी विकणारी. शक्तीच्या गोळ्या होतात, सलाइन होतं. तरी उतार पडला नाही, की शेजारपाजारचे हळूच म्हणतात, ‘बाहेरचं काहीतरी आहे.’

श्रोतेहो, बाईचं हे दुखणं अभ्यासाचा विषय करणाऱ्या डॉ. भार्गवी दावर यांच्याविषयी आज बोलायचं आहे. लहानपणी त्यांनी आपल्या आईला मनोरुग्णालयाच्या भिंतींआड पाहिलं होतं. पुढे मुंबईच्या आयआयटीतून पीएचडी केली. १९९९ साली भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि त्याच वर्षी पुण्यात त्यांनी संस्था काढली. तिला आईचं नाव दिलं : बापू ट्रस्ट.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. तीव्र मनोविकारांचं प्रमाण स्त्री-पुरुषांत जवळपास सारखं असतं. उदासी आणि चिंता मात्र बायकांत खूपच जास्त आढळते. याचं कारण बाईच्या मेंदूपेक्षा तिच्या जगण्यात शोधायला हवं. गरिबी, मारहाण, न संपणारं काम यांत शोधायला हवं. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. तिथंही या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त दिसला.

मला सर्वात जवळचं वाटतं ते दावर यांचं दर्ग्यांवरचं काम. २००१ साली तमिळनाडूतल्या एरवडीला आग लागली आणि साखळदंडानं बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यानंतर सगळीच श्रद्धास्थानं संशयाच्या पिंजऱ्यात उभी राहिली. दावर यांनी मात्र सहकारी संशोधिकेबरोबर महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर येणाऱ्या लोकांच्या कहाण्या ऐकल्या आणि २००९ साली त्यावर निबंध लिहिला. मनावर घाव झालेल्या माणसाला तिथं काय मिळतं, हे त्यांनी तुच्छता न बाळगता पाहिलं.

मीही एका दर्ग्यावर एका बाईची हाजरी पाहिली आहे. केस मोकळे सोडून ती ओरडत होती, सासरचा एकेक छळ मोजत होती. घरात यातला एक शब्द काढला असता तर मार खाल्ला असता. इथं नवरा हात जोडून ऐकत होता. परतताना मला म्हणाली, “खाला, आज हलकं वाटतंय.” घरी गेल्यावर ते ऐकणं टिकलं का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या लोकांनाही मी स्पष्ट सांगते : साखळी ही इबादत नव्हे. बाईनं खाणंपिणं सोडलं, मरणाची भाषा केली, तर दुवा करा, पण दवाखानाही गाठा.

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. पण मनोरुग्णालय म्हटलं, की आजही आम्हाला ठाण्याचंच आठवतं. ते १९०१ सालचं. प्रत्येक दुखण्याला रुग्णालयाच्या भिंती लागत नाहीत, हेच तर दावर सांगत होत्या. पुण्याच्या वस्त्यांत त्यांनी ‘सेहर’ नावाचा उपक्रम चालवला. सेहर म्हणजे पहाट. वस्तीतच जायचं, वस्तीतल्याच माणसांना सोबतीला घ्यायचं, असं ते काम. मे २०२४मध्ये त्या गेल्या.

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८पासून लागू आहे. त्यानुसार रुग्णाला साखळीनं बांधता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती गंभीर ताणाखाली होती, असं आता गृहीत धरलं जातं. २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची मोफत सेवा आहे. तिथं मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक बचतगटाच्या वहीत, कारखान्याच्या फाटकावर, मशिदीच्या आणि देवळाच्या फळ्यावर लिहून ठेवा. आणि घरातल्या बाईनं डोकं धरलं, तर गोळी देताना तिच्याजवळ थोडा वेळ बसा. दिवसभरात काय झालं, ते विचारा. ती सांगेल ते मध्येच न तोडता ऐका.