सुरक्षा कोणाची आणि कोणापासून?

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, विजेची बिले आहेत, सोसायटीचे कर्ज आहे. त्यात 'वरिष्ठ अधिकाऱ्यांची नीतिमत्ता आणि देशाची सुरक्षा' हा विषय कशाला, असे काही कार्यकर्त्यांनी विचारले. दिल्ली-मुंबईच्या साहेबांच्या भानगडी पेपरवाल्यांनी बघाव्यात, आपण आपले शेत बघावे, असा त्यांचा सूर होता.

हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. 'सुरक्षा' हा शब्द सरकार दोनच वेळी वापरते: आपल्याला काही सांगायचे नसते तेव्हा आणि आपल्याला अडवायचे असते तेव्हा. म्हणून ही सुरक्षा कोणाची, कोणापासून, आणि ती आजवर कोणी कितीला विकली, याचा हिशेब शेतकऱ्याने एकदा मांडायला हवा.

शेखाडीचा किनारा

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात शेखाडी नावाचे गाव आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. त्याआधी, जानेवारीत, दिघीच्या जेटीवर शस्त्रे उतरली होती. तो माल रस्त्याने मुंबईकडे निघाला. १२ मार्च १९९३ रोजी दुपारच्या दोन तासांत मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले. २५७ माणसे मेली, सातशेवर जखमी झाली.

आता प्रश्न असा, की किनाऱ्यावर कस्टमचे ठाणे होते, वाटेत पोलिसांच्या चौक्या होत्या, मग माल गेला कसा? या प्रश्नाचे उत्तर खटल्यात मिळाले. जानेवारीचा माल घेऊन निघालेली वाहने पोलिसांनी गोंडघर फाट्याजवळ अडवली होती. अडवली आणि पैसे ठरवून सोडून दिली. तेवढी रोकड हाताशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या. बँक आपला सातबारा तारण घेते ना, तसे तारण घेऊन देशाची सुरक्षा सोडली. विशेष टाडा न्यायालयाने २००६-०७ मध्ये निकाल दिला. शिक्षा झालेल्यांत पोलीस होते, कस्टमचे अधिकारी होते आणि त्यांत अतिरिक्त कलेक्टरच्या दर्जाचा अधिकारीही होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ च्या निकालात पोलीस आणि कस्टम यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले.

या हकिगतीकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहा. १९७२ पासून पुढची जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. आपला, आपल्या रानात पिकवलेला कापूस राज्याबाहेर नेणे हा गुन्हा होता. मध्य प्रदेशाच्या, आंध्रच्या, गुजरातच्या सरहद्दीवर नाके बसवले होते. पलीकडे भाव जास्त मिळतो म्हणून कोणी बैलगाडी घेऊन निघाला, तर त्याला पकडायला सरकारकडे माणसे होती, जीपगाड्या होत्या, कायदा होता. त्याच राज्यात, त्याच काळात, आरडीएक्स भरलेली वाहने रायगडपासून मुंबईपर्यंत बिनघोर गेली. कापसाची गाडी अडते आणि बारुदाची जाते, हा योगायोग नाही. नाका कशासाठी बसवला आहे, यावर तिथला माणूस काय पाहतो हे ठरते.

वाट आधी कोणी पाडली?

स्फोट घडवणारे गुन्हेगारच. त्यांना माफी नाही. पण त्यांना ही वाट आयती मिळाली, ती पाडली कोणी?

१९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता. परदेशातून सोने आणायला बंदी. बाहेर सोने स्वस्त, आत महाग. जिथे दोन भाव, तिथे चोरटा व्यापार. कोकणच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे सोने-चांदी उतरत होती आणि ती उतरू देण्याचे दर ठरलेले होते. कोणत्या रात्री डोळे मिटायचे याची सवय खात्यात मुरली होती. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला, १९९२ पासून सोन्याच्या आयातीवरची बंधने सैल झाली. पण वाट, ओळखी आणि मिटलेले डोळे जागेवरच होते. ज्या हातांनी चांदी उतरवली, त्याच हातांनी बारूद उतरवले. चांदीसाठी पैसे घेणाऱ्याला पेटीत काय आहे हे विचारण्याची सवय उरलेली नव्हती.

लाच ही नुसती खासगी पापाची गोष्ट नाही, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. नको ते बंधन घाला, त्याच्यावर पहारेकरी बसवा, पहारेकऱ्याला थोडा पगार आणि भरपूर अधिकार द्या, लाच आपोआप उगवते. आणि एकदा विकायला काढलेला पहारा कोणत्या गिऱ्हाइकाला विकला जाईल यावर कोणाचा ताबा राहत नाही.

हीच गोष्ट रॉकेलची. रेशनचे रॉकेल तेव्हा स्वस्त होते, डिझेल महाग, म्हणून भेसळ व्हायची. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथे भेसळ होताना पाहिली आणि अडवली. त्यांना दिवसाढवळ्या जिवंत जाळले. हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. 'सगळे अधिकारी चोर' ही आमची भूमिका नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे: ही व्यवस्था बेइमान अधिकाऱ्याला सुरक्षित ठेवते आणि इमानदाराला एकटा पाडते.

व्होरा समितीचे काय झाले?

मुंबईच्या स्फोटांनंतर जुलै १९९३ मध्ये केंद्र सरकारने गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गुन्हेगारी टोळ्या, पुढारी आणि सरकारी अधिकारी यांचे लागेबांधे तिने तपासायचे होते. समितीने ऑक्टोबर १९९३ मध्येच अहवाल दिला. टोळ्यांनी जणू समांतर सरकार चालवले आहे, असा त्याचा मथितार्थ. सरकारने तो जवळजवळ दोन वर्षे दाबून ठेवला. ऑगस्ट १९९५ मध्ये संसदेत मांडला तो जेमतेम डझनभर पानांचा. नावानिशीची माहिती ज्यात असेल असे लोक समजतात, ते कागद बाहेर आले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ मध्ये न्यायालयाने मूळ माहिती उघड करण्याचा आदेश दिला नाही, पुढील तपासासाठी वरिष्ठ समिती नेमण्याची शिफारस केली.

म्हणजे हिशेब असा झाला: सुरक्षा विकली गेली, म्हणून चौकशी झाली आणि कोणी विकली हे लोकांना न सांगण्याचे कारणही सुरक्षाच!

'आदर्श'चा धडा

दुसरा दाखला मुंबईच्या कुलाब्याचा. लष्करी आणि नौदलाच्या ठाण्यांच्या शेजारी आदर्श गृहनिर्माण संस्थेची ३१ मजली इमारत उभी राहिली. सैनिकांच्या नावाने मागणी झाली. २००४ मध्ये जमीन मिळाली, सप्टेंबर २०१० मध्ये वापराचा दाखला मिळाला. मधल्या काळात काय काय हलले ते पाहा. शेजारच्या कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाची आराखड्यातली रुंदी जवळजवळ ६१ मीटर होती, ती १८.४० मीटर केली गेली. बेस्टच्या डेपोच्या जागेचे चटईक्षेत्र इमारतीला जोडले गेले. ज्या टेबलांवरून फाईल गेली, त्यांतल्या काही साहेबांचे नातेवाईक सभासदांच्या यादीत निघाले. लष्कराच्या आणि नौदलाच्या माजी प्रमुखांचीही नावे यादीत होती. गवगवा झाल्यावर त्यांनी सदनिका परत करण्याची तयारी दाखवली.

नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना राजीनामा द्यावा लागला. न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २०१३ मध्ये अहवाल दिला. जमीन राज्य सरकारची होती आणि ती कारगिलच्या सैनिकांसाठी राखून ठेवलेली नव्हती, असे आयोगाने म्हटले. जे खरे ते सांगितले पाहिजे, म्हणून हेही सांगतो. पण त्याच आयोगाला २५ सभासद अपात्र आणि २२ सदनिकांचे व्यवहार बेनामी आढळले. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१३ मध्ये अहवाल फेटाळला, ओरड झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये काही भाग स्वीकारला. चव्हाणांवर खटला चालवायला एका राज्यपालांनी २०१३ मध्ये परवानगी नाकारली, दुसऱ्यांनी २०१६ मध्ये दिली, उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती रद्द केली. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने इमारत पाडायला सांगितले आणि अधिकारी, मंत्री, पुढारी यांच्यावर कारवाईचा विचार करायला सांगितले. जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकाम थांबवून इमारत केंद्राच्या ताब्यात द्यायला लावली.

कोणा एकाला चोर ठरवण्याचे काम न्यायालयाचे, आपले नाही. आपण प्रश्न विचारायचा तो असा: नौदलाचा सुरक्षेचा आक्षेप गाजला केव्हा? इमारत आभाळाला टेकल्यावर. एकतीस मजले काही एका रात्रीत चढत नाहीत. आपण बांधावर विहीर खोदायला घेतली तर तलाठ्याला त्याच दिवशी वास येतो. सागरी सीमेवरच्या पहारेकऱ्यांना समोरचा एकेक मजला चढताना दिसला नाही? की पाहणाऱ्यांच्या ओळखीची माणसे त्या मजल्यांवर राहायला येणार होती?

आणि फाईलचा वेग बघा. रस्ता अरुंद करायची फाईल चालते. आपल्या वारसाच्या नोंदीची फाईल चालत नाही. ती तलाठ्याकडून मंडल अधिकाऱ्याकडे आणि तिथून परत तलाठ्याकडे फिरत राहते.

मग करायचे काय?

नवा कायदा करा, नवी समिती नेमा, अशी मागणी लगेच पुढे येते. आम्हाला त्याचा फारसा भरवसा नाही. हरळी नुसती वरून खरवडली तर पाऊस पडताच दुप्पट फुटते. नांगरून काश्या वेचाव्या लागतात. अधिकाऱ्याच्या हातातला निरर्थक नकाराधिकार ही इथली काशी आहे. शेतमालाच्या वाहतुकीवर, साठ्यावर, विक्रीवर जितकी बंधने, तितकी लाचेची दुकाने. ती बंधने उठवणे हा भ्रष्टाचारावरचा पहिला उपाय आणि देशाच्या सुरक्षेचाही. पहारेकरी कापसामागे धावायचा थांबला तर तो बारुदाकडे बघू शकेल.

पण तोवर हातात जे आहे ते वापरायचे. या जिल्ह्यापुरता चार कलमी कार्यक्रम असा:

एक. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त फाईल पडून राहू नये, असे त्यात लिहिले आहे. प्रत्येक तालुक्याने रखडलेल्या नोंदींची यादी करून तारीखवार तहसीलदारांना द्यावी आणि पोच घ्यावी.

दोन. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने नुसती नक्कल मिळत नाही, फाईल स्वतः बसून पाहता येते. 'गोपनीय आहे' असे उत्तर आले तर कलम ८(२) दाखवा. लोकहित मोठे असेल तर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यालाही बाजूला सारून माहिती देता येते, असे ते कलम सांगते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने याच कलमातली खासगी माहितीची सबब रुंद केली आहे. अधिकाऱ्याच्या मालमत्तेची विचारणा आता 'खासगी' म्हणून परत येईल. तरी ८(२) जागेवर आहे. अर्ज त्याच्या आधारे करा, पहिले अपील करा, दुसरे करा.

तीन. प्रत्येक सरकारी नोकराने आपली स्थावर मालमत्ता सरकारला कळवायची असते, असे सेवानियम सांगतात. आय.ए.एस. अधिकाऱ्यांची विवरणे तर केंद्र सरकार लोकांसमोर ठेवत आले आहे. मग तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सर्वांची का नकोत? आपली जमीन, आपले कर्ज, आपला बोजा सातबाऱ्यावर कोणीही वाचतो. साहेबाचा सातबारा मात्र झाकलेला! ही मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करा.

चार. लाच द्यायची नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. अडवून घेतली असेल तर सात दिवसांच्या आत कळवले पाहिजे, तरच सुटका. लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक गावच्या फलकावर लिहा. तक्रार करणारा एकटा जाणार नाही, गावातली दहा माणसे त्याच्याबरोबर जातील, हे आज ठरवून उठायचे. सोनवणे साहेब त्या दिवशी एकटे पडले होते. इमानदार अधिकारी असो की इमानदार शेतकरी, त्याच्याभोवती उभी राहिलेली माणसे हीच त्याची सुरक्षा.

भावांनो, मायबहिणींनो, देश म्हणजे कुलाब्याची ठाणी आणि लाल दिव्यांचे बंगले एवढेच नाही. शेखाडीच्या वाळूपासून सरहद्दीच्या नाक्यापर्यंत जिथे जिथे सही विकली जाते, तिथे तिथे देशाच्या कुंपणाला भोक पडते. कुंपण राखायची जबाबदारी आपल्यावर कोणी सोपवलेली नाही. पण आतले पीक आपले आहे. म्हणून ठराव मांडतो: प्रत्येक तालुक्याने पुढच्या मेळाव्याला रखडलेल्या फायलींची यादी आणि दिलेल्या अर्जांच्या पोचा घेऊन यावे. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा.